चालकविरहित गाडीच्या प्रकल्पासाठी मूळ गाडी कशी निवडावी

तालुक्याच्या गावी चालकविरहित गाडीचा प्रकल्प सुरू होतो तेव्हा पहिली चर्चा बहुधा कॅमेऱ्याची आणि लायडारची, म्हणजे लेझर किरणांनी अंतर मोजणाऱ्या सेन्सरची, होते, आणि गाडी मात्र कुणाच्या तरी काकांच्या अंगणात उभी असलेली, स्वस्तात मिळणारी, अशी ठरून जाते. हा क्रम उलटा आहे. कॅमेरा, लायडार, संगणक हे सारे एका गाडीवरून काढून दुसरीवर बसवता येते. स्टिअरिंग, ब्रेक आणि तारांचे जाळे मात्र गाडीबरोबर येते आणि प्रकल्प संपेपर्यंत तेच राहते. त्यामुळे मूळ गाडी निवडताना दोन कसोट्या लावाव्यात: विजेच्या संकेताने दिलेली आज्ञा ती किती नेमकेपणाने पाळते, आणि आज्ञा चुकली तर आत बसलेल्या माणसाला गाडी किती सहज परत ताब्यात घेता येते. बाकीचे सारे गुण या दोहोंच्या मागून येतात.

आमच्या गटाने हे पैसे मोजून शिकून घेतले. यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याचे, आवार सीझन संपल्यावर आम्हाला वापरायला मिळाले होते, आणि दणकट हवी म्हणून आम्ही एक जुनी डिझेल गाडी घेतली: तेलाच्या दाबावर चालणारे स्टिअरिंग, हाताचे गिअर, वजन दीड टनाच्या वर. चाक फिरवायला साखळी आणि दातेरी चकती, क्लचला एक मोटर, ब्रेकला दुसरी, असे करता करता चार महिने गेले. नोव्हेंबरात कापसाच्या गाड्या आवारात येऊ लागल्या आणि जागा परत द्यावी लागली, तोवर आमची गाडी स्वतःहून दहा मीटरही गेली नव्हती. मार्ग आखण्याच्या आज्ञावलीला तर आम्ही हातच लावला नव्हता.

आधी प्रकल्पाची व्याप्ती

प्रकल्पाचा हेतू केवळ रस्ता ओळखणे एवढाच असेल, म्हणजे बंडी (बैलगाडी), बकऱ्यांचा कळप, डांबरी रस्त्याच्या कडेला वाळत घातलेले सोयाबीन, संध्याकाळी रानातून परतणारी ढोरे यांची चित्रे गोळा करून त्यांवर संगणकाला शिकवायचे असेल, तर कोणतीही चालती गाडी पुरते आणि तिची एकही तार कापावी लागत नाही. माझ्या मते विदर्भातील बहुतेक विद्यार्थिगटांनी हाच प्रकल्प आधी हाती घ्यावा, कारण पऱ्हाटीने, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांनी, भरलेली आणि दोन्ही बाजूंना हात हातभर बाहेर आलेली बंडी परदेशी रस्त्यांवर तयार झालेल्या चित्रसंग्रहांत मिळणे कठीण आहे.

गाडी स्वतः चालवायचीच असेल, तर वेगाची मर्यादा आधी कागदावर लिहून ठेवावी. बंद आवारात, ताशी १५ ते २० किलोमीटरच्या पुढे न जाणारी गाडी, हे पहिल्या दोन वर्षांसाठी पुरेसे मोठे काम आहे. पुढील सारे विवेचन हेच गृहीत धरून केले आहे.

स्टिअरिंग

जुन्या गाड्यांत चाक फिरवायला मदत तेलाच्या दाबाने मिळे आणि तो दाब इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तयार करी. अशा गाडीत विजेने आज्ञा द्यायला जागाच नसते. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगमध्ये, ज्याला गॅरेजमध्ये ईपीएस म्हणतात, स्टिअरिंगच्या दांड्यावर पीळ मोजणारा सेन्सर असतो. चालकाने चाक फिरवले की दांड्यातील एक बारीक सळई किंचित पिळली जाते, तो पीळ विद्युत संकेत होऊन ईसीयूकडे, म्हणजे गाडीतील छोट्या नियंत्रक संगणकाकडे, जातो आणि ईसीयू त्या प्रमाणात मोटर फिरवते. म्हणजे चाक फिरवणारी मोटर गाडीत कारखान्यातूनच आलेली असते. तिला आपले म्हणणे कसे पोहोचवायचे एवढाच प्रश्न उरतो.

त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे सेन्सर आणि ईसीयू यांच्या मध्ये आपले सर्किट बसवून खोटा पीळ दाखवणे. पॉलीसिंक या अमेरिकी कंपनीने किआ सोल गाडीसाठी सर्वांना खुला केलेला ओएससीसी हा प्रकल्प याच तत्त्वावर चालतो आणि त्याचे आराखडे अभ्यासण्याजोगे आहेत. मात्र हा सेन्सर एक नव्हे तर दोन संकेत देतो, ईसीयू ते एकमेकांशी ताडून पाहते आणि जरा विसंगती दिसली की मदत बंद करते. वळणावर असताना चाक एकाएकी जड होणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले आहे तो या मार्गाला बेतानेच हात घालतो. दुसरा मार्ग ओबडधोबड पण सुरक्षित आहे: स्टिअरिंगच्या दांड्यावर पट्ट्याने किंवा गिअरने जोडलेली वेगळी मोटर बसवावी, मध्ये विद्युतचुंबकीय क्लच ठेवावा आणि मूळ ईपीएस जसेच्या तसे चालू द्यावे. ईपीएस चालू असताना जेवढ्या हलक्या हाताने चाक फिरते तेवढीच ताकद या मोटरला लागते, म्हणून ती मुद्दाम कमजोर निवडता येते. इतकी कमजोर, की माणसाने दोन्ही हातांनी चाक धरले तर मोटर हरली पाहिजे. नवख्या गटाने हाच मार्ग घ्यावा. या मार्गालाही ईपीएस असलेली गाडीच लागते, कारण ईपीएस नसेल तर उभ्या गाडीचे चाक फिरवायला मोटर दांडगी घ्यावी लागते आणि मग माणूस हरतो.

गाडी पाहायला गेल्यावर बोनेट उघडून स्टिअरिंग ऑइलचा डबा शोधावा. तो दिसला तर नमस्कार करून परत यावे. डबा नसेल तर चावी फिरवून मीटरमध्ये स्टिअरिंगची बत्ती लागते आणि इंजिन सुरू झाल्यावर विझते, हे पाहावे. त्यानंतर चाकाची मोकळीक तपासावी, आणि या गोष्टीवर जरा वेळ काढावा. आपल्याकडील रस्त्यांवर पाच-सात वर्षे चाललेल्या गाडीचे टाय रॉडचे टोक, बॉल जॉइंट आणि रॅक हे स्टिअरिंग व चाके जोडणारे भाग झिजलेले असतात. स्टिअरिंग दोन बोटे इकडेतिकडे हलले तरी पुढची चाके जागची हलत नाहीत. माणूस या मोकळिकीशी नकळत जुळवून घेतो. आज्ञावली जुळवून घेत नाही: ती चाक थोडे फिरवते, गाडी वळत नाही, म्हणून ती अजून फिरवते, मग गाडी हवी त्याहून जास्त वळते, म्हणून ती उलट फिरवते, आणि सरळ आखलेल्या रेषेवर गाडी नागमोडी चालू लागते. असे झाले की विद्यार्थी आठवडेच्या आठवडे आज्ञावलीतील आकडे बदलत बसतात आणि दोष मात्र काहीशे रुपयांच्या बॉल जॉइंटमध्ये असतो.

जमल्यास इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे गाडी घसरू न देणारी यंत्रणा, असलेले मॉडेल घ्यावे. त्या यंत्रणेला चाक किती अंश फिरले हे कळावेच लागते, म्हणून अशा गाडीत स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर तयार बसवलेला मिळतो.

ब्रेक

साध्या पेट्रोल गाडीत ब्रेकला मदत इंजिनच्या निर्वातातून मिळते. इंजिन बंद पडले की एक-दोन दाबांनंतर पॅडल दगडासारखे होते. टोयोटा प्रियसच्या २००४ च्या पिढीत पॅडल आणि चाकांवरील दाब यांच्या मध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले होते, आणि पुढे गूगलने २००९ मध्ये आपला प्रकल्प सुरू केला तेव्हा प्रियसच निवडली, ती उगाच नव्हे. आपल्या हाती येणाऱ्या गाडीत ही सोय असण्याची शक्यता कमी. म्हणून पॅडल ओढणारा लिनिअर ॲक्चुएटर, म्हणजे सरळ रेषेत मागेपुढे होणारा विजेवरचा दांडा, लावावा लागतो.

तो लावताना पॅडलला ताठ दांडा जोडू नये. पोलादी वायर जोडावी, म्हणजे ॲक्चुएटर ती ओढून ब्रेक लावू शकतो. माणसाने पायाने पॅडल दाबले तर वायर नुसती सैल पडते आणि पायाला अडथळा होत नाही. यासाठी पॅडलच्या आसपास आणि सीटखाली जागा किती आहे, हे गाडी घेण्यापूर्वीच गुडघ्यावर बसून टॉर्चने पाहावे. काही लहान गाड्यांत पॅडलच्या मागे बोटही शिरत नाही.

ब्रेकचा उशीर मोजण्याची सवय पहिल्या दिवसापासून ठेवावी. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर. चांगले ब्रेक लागले तर गाडी साधारण तीन मीटरमध्ये थांबते. पण आज्ञा सुटल्यापासून पॅडल खाली जाईपर्यंत अर्धा सेकंद गेला, तर तेवढ्यात आणखी पावणेतीन मीटर निघून जातात, म्हणजे थांबण्याचे अंतर जवळपास दुप्पट होते. स्वस्त ॲक्चुएटर ओढण्यात जोरदार पण चालीला संथ असतात, आणि हा संथपणा गाडीच्या किमतीत कुठेच दिसत नाही.

सध्याच्या महागड्या मॉडेलांत हँडब्रेकच्या जागी बटण आलेले आहे. प्रकल्पासाठी मात्र दोन सीटांच्या मधला जुना लोखंडी हँडब्रेकच बरा, कारण शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेल्या मुलीलाही तो ओढता येतो. ज्या गाडीत हा दांडा शेजारच्या सीटवरून हाताला लागतो, तिला माझ्याकडून दोन गुण जास्त.

पॅडल आणि गिअर

तिन्ही अवयवांत ॲक्सिलरेटर सर्वांत सोपा. पॅडलपासून पोलादी केबल निघत असेल तर गाडी जुन्या पद्धतीची आहे. तारांचा प्लग निघत असेल तर पॅडल इलेक्ट्रॉनिक आहे, आणि तसेच हवे. त्यातही दोन संकेत असतात, बहुधा एक दुसऱ्याच्या निम्म्या विद्युत दाबाचा. दोन्ही त्याच प्रमाणात पुरवले नाहीत तर इंजिन मंद चालीवर अडकून बसते.

हाताचे गिअर असलेली गाडी घेऊच नये. एएमटी, म्हणजे हाताच्याच गिअरबॉक्सवर यंत्राचा क्लच बसवलेला प्रकार, भारतात २०१४ मध्ये सेलेरिओमुळे सर्वत्र पोहोचला आणि जुन्या बाजारात तोच स्वस्त मिळतो. तो चालतो, पण ताशी पाच-सात किलोमीटरवर त्याचा क्लच अर्धवट घसरत राहतो, गाडी हिसके देते आणि चढावर सुटताना किंचित मागे येते. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी या दुसऱ्या प्रकारचे स्वयंचलित गिअर असलेली गाडी या मंद वेगात कितीतरी समंजस वागते.

तारांचे जाळे

गाडीतील वेगवेगळ्या ईसीयू एकमेकींशी कॅन नावाच्या दोन तारांच्या जाळ्यावरून बोलतात. ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केली. हे बोलणे ऐकता आले तर चाकांचा वेग, इंजिनचे फेरे आणि बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगचा कोन नवा सेन्सर न लावता मिळतो. भारतात २०१३ पासून मोटारींना ओबीडी-२, म्हणजे गाडीतील दोष बाहेरून वाचण्याची प्रमाणित सोय, लागू झाली, आणि एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीची झाली, म्हणजे प्रत्येक चाकाच्या वेगाचा सेन्सर आला. म्हणून २०१९ नंतरची गाडी मिळत असेल तर त्याआधीची घेण्यात बचत नाही.

तपासणी सोपी आहे. स्टिअरिंगखाली ओबीडीचा सोळा पिनांचा सॉकेट असतो. बॅटरीची तार सोडवून त्याच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये मल्टीमीटरने रोध मोजला तर सुमारे ६० ओहम यावा, कारण जाळ्याच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असतात. १२० आले तर एक टोक तुटलेले आहे असे समजावे. मग बॅटरी जोडून साधा ब्लूटूथ ॲडाप्टर लावावा आणि मोबाइलवर गाडीचा वेग दिसतो का ते पाहावे. नव्या गाड्यांत सॉकेट आणि आतील जाळे यांच्यामध्ये गेटवे बसवलेले असते आणि ते विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते, बाकीचे बोलणे बाहेर येऊ देत नाही. तेथे डॅशबोर्ड उघडून आतील तारांपर्यंत जावे लागते.

विक्रेता अर्धा तास असे काही करू देत नसेल, तर ती गाडी सोडून द्यावी.

आणखी एक गोष्ट. ज्या गाडीत नंतर कुणी मोठा स्टिरिओ, रिमोट लॉक, जास्तीचे दिवे, रिव्हर्स कॅमेरा असे बसवले आहे, तिचे हार्नेस, म्हणजे तारांचे जुडगे, जागोजागी सोलून टेप गुंडाळलेले असते. आपल्याकडील वायरमन हुशार आहेत, पण त्यांनी तार कुठून कुठे नेली याचा नकाशा त्यांच्या डोक्यातच असतो. अशा गाडीत दोष शोधणे म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीत पडलेली बादली काढणे होय.

शक्य असल्यास गटातील कुणाकडे असलेल्याच मॉडेलची गाडी घ्यावी. आपल्या गाडीत एखादा आकडा संशयास्पद वाटला की तोच आकडा धडधाकट गाडीवर मोजून पाहता येतो. याची सर कोणत्याही पुस्तिकेला येत नाही.

इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का

तत्त्वतः तीच सर्वोत्तम. गिअर नाहीत, इंजिनाची थरथर नाही, मोटर अगदी मंद वेगातही सांगितले तेवढेच ओढते, आणि पॅडल सोडल्यावर मोटर उलट वीज तयार करू लागते, त्या रिजनरेशनमुळे गाडी स्वतःच मंदावते, त्यामुळे यांत्रिक ब्रेकवरील बराच भार कमी होतो. टियागो ईव्ही २०२२ मध्ये १९.२ आणि २४ किलोवॅट-तासाच्या बॅटऱ्यांसह आली. आवारातील कामाला त्यातील लहान बॅटरी भरपूर होते. अडचण दोन बाबतींत आहे. नारिंगी वेष्टनाच्या तारांत शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि तालुक्याचा मिस्त्री त्या तारांना हात लावत नाही, लावूही नये. छोट्या बिघाडासाठीही गाडी नागपूर किंवा अमरावतीपर्यंत न्यावी लागण्याची तयारी हवी. शिवाय आवारातील विजेची वेळ आणि दाब बेभरवशाचा असेल, तर चार्जिंगचे वेळापत्रक हाच एक स्वतंत्र प्रकल्प होऊन बसतो. कॉलेजमध्ये विजेची खात्रीशीर जोडणी असेल आणि विद्युत शाखेचे जाणते शिक्षक सोबत असतील, तर इलेक्ट्रिक गाडी अवश्य घ्यावी.

तयार मदतयंत्रणा असलेल्या गाड्यांचा मोह

२०२१ मध्ये एक्सयूव्ही७०० आणि ॲस्टर, नंतर होंडा सिटीचे हायब्रिड मॉडेल, २०२३ मध्ये व्हर्ना अशा गाड्यांत पट्टा सांभाळणारी व अंतर राखणारी यंत्रणा आली. म्हणजे स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही विजेची आज्ञा ऐकतात, हे त्या गाडीने सिद्धच केलेले असते. तरीही ती आज्ञा देणारी भाषा उत्पादकाने आपल्याकडे राखलेली असते, आणि ओपनपायलटसारख्या खुल्या आज्ञावलीत एखाद्या मॉडेलचे नाव दिसले तरी भारतात त्याच नावाने विकल्या जाणाऱ्या गाडीतील ईसीयू वेगळी असू शकते. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर ही यंत्रणा आपले काम करील. तेथून उतरून गावाच्या वाटेला लागले की रस्त्यावर पट्टाच नसतो, मग सांभाळायचे काय? इतकी महाग गाडी उघडण्याचे धाडस विद्यार्थ्यांना होत नाही, हेही खरे.

येथे इतिहास थोडा उपयोगी पडतो. अमेरिकेत दार्पा या संस्थेने २००४ मध्ये चालकविरहित गाड्यांची वाळवंटातील शर्यत ठेवली तेव्हा एकही गाडी पोहोचली नाही आणि सर्वांत पुढे गेलेली गाडी १२ किलोमीटरच्या आतच थांबली. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘स्टॅनली’ने २१२ किलोमीटर पार केले. ती मूळची फोक्सवॅगन टुआरेग होती आणि तिला विजेने आज्ञा देण्याची सोय फोक्सवॅगनच्याच प्रयोगशाळेने करून दिली होती. उत्पादक दार उघडतो तेव्हा काम किती सोपे होते, याचे हे उदाहरण. याउलट भोपाळच्या ‘स्वायत्त रोबोट्स’ या कंपनीने आपल्या चाचण्यांसाठी महिंद्रा बोलेरो वापरली आहे, म्हणजे रांगडी गाडीही वश होते. पण त्यासाठी यंत्रकामात मुरलेली माणसे हवीत. आमच्याकडे ती नव्हती.

ऊन, धूळ आणि वीजपुरवठा

चंद्रपूर, नागपूर, अकोल्याचा मे महिना ज्याने पाहिला आहे त्याला हा भाग पटवून द्यावा लागणार नाही. पारा ४५ अंशांच्या पुढे असताना बंद उभ्या गाडीच्या आतले तापमान ६० अंशांवर जाते, आणि वेलोडाइनच्या सोळा किरणांच्या लायडारसारख्या सेन्सरची कामाची मर्यादाच ६० अंश आहे. म्हणून गाडीचा एसी हा चैनीचा नव्हे तर यंत्रणेचा भाग समजून तपासावा, आणि तो दुपारी दोन वाजता तपासावा. सकाळी सगळेच एसी गार असतात. रंग पांढरा किंवा चंदेरी घ्यावा. संगणक डिकीत ठेवू नये, पुढच्या सीटमागे ठेवावा, म्हणजे त्यापर्यंत गार हवा पोहोचते. त्यासाठी मागच्या सीटची जागा पुरेशी मोकळी हवी. छत सपाट आणि आडवे रॉड बसवता येण्याजोगे असावे, सनरूफ नसावे.

विजेचा हिशेब करताना ६० वॉटपर्यंतचा संगणक, लायडार, कॅमेरे, राउटर आणि स्टिअरिंग व ब्रेकच्या मोटरांचे झटके धरले तर ३०० ते ४०० वॉट सहज होतात, म्हणजे १२ व्होल्टवर तीसेक अँपिअर. इंजिन मंद चालत असताना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरणारे जनित्र, आपल्या पूर्ण क्षमतेने वीज देत नाही आणि त्यातलाच वाटा एसीचे पंखेही घेतात. छोट्या गाडीत यंत्रणेसाठी वेगळी लिथियम बॅटरी ठेवून ती घरून भरून आणणे, हा सर्वांत निर्धोक उपाय.

जिनिंगच्या आवारात कापसाचा तंतू हवेत असतो आणि तो रेडिएटरच्या जाळीवर गोधडीसारखा बसतो. जाळी सहज काढून झटकता येते का, तेही पाहून घ्यावे.

व्यवहार आणि कागदपत्रे

पुराच्या पाण्यात गेलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. गालिचा उचलून खालची ओल व वास पाहावा, सीटच्या रुळांवरील गंज पाहावा. अपघाताची गाडी एक वेळ चालेल, पण एअरबॅग, एबीएस आणि स्टिअरिंगच्या बत्त्या चावी फिरवल्यावर आधी लागून मगच विझल्या पाहिजेत. ज्या बत्त्या लागतच नाहीत त्यांमागे काहीतरी झाकलेले असते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगावर येतो. चालकविरहित गाडीची सार्वजनिक रस्त्यावर चाचणी घेण्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदेशीर चौकट नाही; केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या आयआयएममधील कार्यक्रमात, चालकांच्या रोजगाराचे कारण देऊन, अशा गाड्या भारतात येऊ देणार नसल्याचे सांगितले होते. तेव्हा चाचणी खासगी आवारातच करावी, जागामालकाची परवानगी लेखी घ्यावी, आणि गाडी तेथपर्यंत पिकअपवर लादून न्यावी किंवा सर्व ॲक्चुएटर काढून चालवत न्यावी. ॲक्चुएटर तासाभरात काढता-बसवता येतील अशी रचना हवी, आणि ती होईल की नाही हे पुन्हा गाडीतील जागेवरच अवलंबून असते. आरसीवर बँकेचा बोजा नाही, ना हरकत प्रमाणपत्र मिळाले आहे आणि पंधरा वर्षांची नोंदणी संपत आलेली नाही, एवढे पाहून व्यवहार करावा.

शेवटी कोणती गाडी

तुटपुंज्या निधीच्या गटाला मी २०१९ नंतरची वॅगनआर किंवा तिच्या जातकुळीतील एएमटी गाडी सुचवीन. स्टिअरिंग विजेचे, छत उंच, वळण्याची त्रिज्या ४.७ मीटर, आणि सुटे भाग पुसदला, वणीला, दर्यापूरला, कुठेही मिळतात. एएमटीचे हिसके सहन करावे लागतील. त्याहून स्वस्तात जायचे तर २०१५ नंतरची एएमटीची नॅनो विचारात घेण्यासारखी आहे: ईपीएस आहे, वळण अवघ्या ४ मीटरच्या त्रिज्येत, आणि वजन ८०० किलोच्या आत, म्हणजे मदत बंद पडली तरी माणसाच्या हातात राहणारी. मात्र तिला एबीएस नाही, म्हणून चाकांचा वेग मोजणारे सेन्सर स्वतः बसवावे लागतील, आणि उत्पादन थांबलेले असल्याने सुट्या भागांसाठी भंगारबाजार धुंडाळावा लागेल. निधी बरा असेल आणि विजेची सोय पक्की असेल तर छोटी इलेक्ट्रिक गाडी. याहून मोठी, जड, रुबाबदार गाडी कुणी देणगी म्हणून देऊ केली, तर ती पाहुण्यांना आणण्या-पोचवण्यासाठी ठेवावी.

गाडी आवारात आल्यावर पहिला आठवडा तिच्यावर काहीही बसवू नये. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे घेते, मध्ये मोकळीक किती अंशांची आहे, पॅडल सोडल्यावर सपाट जमिनीवर गाडी स्वतःहून कोणत्या वेगाने सरकते, ताशी २० वरून माणसाने ब्रेक लावल्यावर ती किती मीटरमध्ये थांबते, एसी चालू असताना मंद इंजिनावर बॅटरीचा दाब किती राहतो, हे सारे चुन्याची फक्की आणि मोजपट्टी घेऊन दहा-दहा वेळा मोजावे आणि तारीख घालून वहीत लिहावे. पुढे ॲक्चुएटर बसवल्यावर गाडी वाकडी वागू लागली, तर दोष आपण बसवलेल्या यंत्रणेत आहे की गाडीत आधीपासूनच होता, हे त्या वहीवरून ठरवता येते.